आखूड होत गेलेला पाइप

माझी आत्या मातीच्या पाइपांच्या कारखान्यात दांड्यांना भोकं पाडायची. ओल्या मातीच्या वळीतून तार इतकी सरळ सारायची, की खडूस मालकही मान डोलवायचा. शेजारी आतोबा साच्यात तंबाखूची वाटी दाबायचे. लग्न तिथंच जुळलं. दोघांच्या केसांत एवढी पांढरी माती, की नवरानवरी म्हातारीच दिसत होती म्हणे.

मग लोक सिगारेटी ओढायला लागले. कारखाना बसला, साचे भंगारात गेले. "कागद ओढतात लेकाचे!" असं म्हणत आतोबा घरातला एकुलता एक पाइप जपून ओढत राहिले. छातीत धूळ साचली तेव्हा डॉक्टरांनी तोही बंद केला. आत्यानं तो लपवला, आणि ते मागत मागतच गेले. हे तिच्या जिवाला फार लागलं.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी पाइप भरायची, वर निखारा ठेवायची आणि आतोबांच्या खुर्चीच्या हातावर टेकवायची.

"आत्या, डोकं ठिकाणावर आहे ना?" मी खडसावलं. तेवढ्यात निखारा फुलला, विझत आला, पुन्हा फुलला. धूर वाटीतून नाही, तर खुर्चीच्या पाठीपाशी, बसलेल्या माणसाचं तोंड असेल तिथून निघत होता.

पण मातीचा पाइप तो. जरा धक्का लागला की दांडीचा तुकडा पडायचा. आत्यानं नवा करून पाहिला. दांडी झकास जमली, वाटी भट्टीत तडकली. मी सिगारेट पेटवून ठेवली, तर ती आपली आपण जळून राख झाली. कुणी शिवलंसुद्धा नाही.

शेवटी दांडी बोटाच्या पेराएवढी उरली. त्या संध्याकाळी निखारा फुलला आणि रिकाम्या खुर्चीतून 'स्स्स' असा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा तसाच.

"यांचे ओठ भाजतायत गं," आत्या म्हणाली. "तरी ओढतायत. मी देते म्हणून."

"मग ठेव ना बाजूला."

"बाजूला ठेवला तर उद्या परत देईन. माझाच मला भरवसा नाही."

तिनं निखारा झटकला, पाइप जमिनीवर ठेवला आणि हातोडीनं त्याचा चुरा केला. मला रडू आवरेना. खुर्ची करकरली.

"निघा आता," आत्या म्हणाली, आणि उठून तिनं दार उघडून धरलं.