उलटा अर्थ

मी एकदा चांगल्या चालत्या ट्रॅक्टरची बॅटरी उलटी जोडली, आणि ती बसेना म्हणून वरवंट्याने ठोकून बसवली. तेव्हा मी अल्लड होते. त्रेसष्ट वर्षांची.

आता सत्तरी गाठत आल्यावर त्या पोरीचं हसू येतं. मुलाच्या मोटरसायकलची बॅटरी बदलताना तिने एकदा शेजारी उभं राहून पाहिलं होतं, तेवढ्यावर ती स्वतःला मिस्त्री समजत होती.

ट्रॅक्टर म्हणाल तर आमच्या लग्नाच्या आधीपासून घरात. माप ओलांडून आत आले तेव्हा सासूबाईंनी सगळ्यांच्या पाया पडायला लावलं आणि शेवटी गोठ्यात नेऊन ट्रॅक्टरलाही हळदकुंकू लावायला सांगितलं. तेव्हापासून मी त्याला थोरले भाऊजी म्हणते. बैल गेले, म्हशी गेल्या, भाऊजी मात्र गोठ्यातच राहिले.

आणि धाकटे, म्हणजे आमचे हे. यांचं बोलणं कळायला मला फार दिवस लागले. “चहा नको” म्हणाले की चहा हवा असतो. “कशाला एवढं केलंस” म्हणजे आणखी वाढ. लग्नानंतरचं पहिलं वर्षभर मी भाबडेपणाने यांना दुपारचा चहाच दिला नाही. नको म्हणतायत तर कशाला उगाच, असं मला वाटे. हे मागच्या दाराने आईकडे जाऊन चहा पीत होते, ते मला जाऊबाईंकडून कळलं.

तर त्या वर्षी भात झोडून झालं आणि यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू कर्जतला काढला. डाव्यातला पुढे काढायचा होता. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. पावसाळाभर उभं राहून ट्रॅक्टरची बॅटरी मंदावली होती. ती चार्जिंगला लोधिवलीच्या दुकानात गेली आणि शेजाऱ्यांच्या टेंपोतून परत आली. हे काळा चष्मा लावून आतल्या खोलीत पडलेले. मी ठरवलं, आपणच बॅटरी बसवायची आणि भाऊजींना चालू करायचं. यांनी पलंगावरून आवाज ऐकावा आणि चकित व्हावं.

बॅटरीची मायनसची तार गाडीच्या अंगाला जोडायची, हे मी मोटरसायकलवर पाहिलेलं. तशीच जोडायला घेतली. बॅटरीच्या वर दोन खुंट्या असतात, एक जाड आणि एक बारीक. एका तारेची कडी जाड खुंटीवर जाईना. दुसरीची कडी बारीक खुंटीवर सैल, गोल गोल फिरणारी. आपण चुकतोय हे बॅटरी मला याहून स्पष्ट काय सांगणार? पण ऐकणारी कोण! घट्ट कडी मी वरवंट्याने ठोकली. सैल कडीत तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी खुपसली. त्या वरवंट्याने संध्याकाळी चटणीही वाटली.

भाऊजी लगेच सुरू झाले. मी हरखून आतल्या खिडकीकडे पाहिलं, आणि तेवढ्यात सीटपुढच्या काळ्या डबीतून ठिणग्या उडाल्या. करपल्याचा वास आला. मी घाईघाईने बंद केलं. आतून यांनी विचारलं, बॅटरी कुणी बसवली? मी म्हटलं, दुकानवाल्याचा माणूस आला होता, तो बसवून गेला. अशी थाप तोंडातून सुटते तेव्हा किती हलकी असते.

त्यानंतरही भाऊजी चार-पाच वेळा सुरू झाले, पण दरवेळी आवाज जास्त रडका. मग एक दिवस नुसतं कट्ट म्हणाले आणि गप्प.

वाल पेरण्याआधी एक नांगरट हवी होती म्हणून हे काळ्या चष्म्यासकट गोठ्यात आले. वाकायची मनाई, एका डोळ्याला अंधुक दिसतं, म्हणून हात आणि डोळे माझे, अक्कल यांची. दुसऱ्याची बॅटरी मागून आणली. ती मी जुन्या कड्यांवरच, होती तश्शीच जोडली. म्हणजे पुन्हा उलटीच. हे सांगत गेले, पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून बघ, सैल हाय का. नव्हता. डायनॅमोच्या तारा हलवून बघ. घट्ट होत्या. मग इंजिन चालू करून विचारलं, मीटरचा काटा कुठे आहे?

“मधेच,” मी म्हटलं.

“रेस दे. आता?”

“मधेच हाय.”

चार्जिंग होत नव्हतं. डायनॅमो फिरत होता आणि बॅटरीला काही पोचत नव्हतं. मला ठिणग्या आठवत होत्या, डबीही समोर दिसत होती. तोंड मात्र उघडलं नाही. यांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाले, देऊन टाकू.

पलीकडच्या फार्महाऊसचा मालक वर्षभर मागे लागला होता. त्याला भाऊजी गेटाशी हवे होते, लाल रंग देऊन, बॉनेटवर जास्वंदीच्या कुंड्या ठेवून. यांनी त्याला निरोप धाडला, रविवारी या.

मी मनात म्हटलं, देऊन टाकू म्हणजे द्यायचं नाही. एवढं तर मला कळतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी हे ओट्यावर बसून गोठ्याकडे न बघता म्हणाले, “चहा दे गं.”

चाळीस वर्षांत पहिल्यांदा सरळ मागितला. मी दिला. तो तसाच साय धरून गार झाला.

तेव्हा मात्र मी घाबरले. हा माणूस ट्रॅक्टरबद्दल बोलतच नव्हता. एक डोळा झाला, दुसरा व्हायचाय, वाकता येत नाही, आणि आता भाऊजीही बसले. यांनी स्वतःला आणि भाऊजींना एकाच रांगेत उभं केलं होतं. आणि भाऊजींना त्या रांगेत मी ढकललं होतं.

खालापूरला एक जुने मिस्त्री होते. दुकान बंद केलेले, यांच्याच वयाचे. शनिवारी सकाळी मीच जाऊन त्यांना एसटीने घेऊन आले. त्यांच्या पिशवीत एक बल्ब, त्याला दोन तारा, आणि पॉलिश पेपर. हे गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसले. मिस्त्रींनी इंजिन चालू करून बल्बाची एक तार डायनॅमोला लावली, एक ट्रॅक्टरच्या अंगाला. बल्ब पेटला. डायनॅमो ठणठणीत आहे म्हणाले. मग काळी डबी उघडली. आतले दोन ठिपके, जे एकमेकांना टेकले की बॅटरीला करंट जातो, ते जळून कोळसा झाले होते. मिस्त्रींनी बॅटरीकडे पाहिलं, जरा वेळ पाहतच राहिले.

“वैनी, ह्याचा अर्थ कुणी बदलला?”

“कशाचा अर्थ?”

“बॅटरीचं एक टोक बॉडीला जोडत्यात, त्याला अर्थ म्हणत्यात. हल्लीच्या गाड्यांना मायनस बॉडीला. ह्या जुन्याचा अर्थ उलटा हाय. प्लस बॉडीला.”

वर्षानुवर्षं मी एका उलट्या अर्थाला चहा पाजत आले, आणि दुसरा गोठ्यात उभा आहे याचा पत्ता नव्हता.

मिस्त्रींनी चेपलेल्या कडीवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे कशानं ठोकलं? दुकानवाल्याच्या माणसाला आणखी एकदा बोलवता आलं असतं. दारातली खुर्ची जराशी करकरली.

“वरवंट्यानं,” मी म्हटलं. “मीच. दुकानातनं कुणी आलं नव्हतं. ठिणग्या उडाल्या तेव्हाच कळलं होतं मला, मी बोलले नाय.”

मी दाराकडे पाहिलं. काळ्या चष्म्यामागे यांचे डोळे कुठे आहेत ते कळेना. मिस्त्री खाली मान घालून ठिपके घासत बसले. कड्या सरळ केल्या, बॅटरी फिरवून बसवली. मग शेवटी एक तार बॅटरीवरून डायनॅमोला क्षणभर टेकवली. चट्ट करून बारीक ठिणगी उडाली. डायनॅमो आपली दिशा विसरला असेल, तर एवढी आठवण पुरते, म्हणाले.

भाऊजी सुरू झाले. मीटरचा काटा हलला, थरथरला आणि उजवीकडे जाऊन थांबला. यांनी विचारायच्या आधीच मी ओरडून सांगितलं.

हे उठले. बॉनेटवर हात ठेवून आवाज ऐकत राहिले. मग खिशातून फोन काढून फार्महाऊसवाल्याला रविवारी येऊ नका म्हणाले, आणि ते अगदी सरळ अर्थाने. फोन ठेवून माझ्याकडे वळले. मी रागावणं ऐकायला पदर सावरून उभी राहिले.

“बरं झालं गं, तूच बिघडवलास. मला वाटलं, वयच झालं. आता चहाबिहा काय नको मला.”