महाग पडलेले साडू

आमच्या थोरल्या साडूंइतका निवृत्तीनंतर महाग पडलेला माणूस अख्ख्या सिडकोत दुसरा सापडायचा नाही. गंमत म्हणजे, नोकरीत असताना त्यांच्याइतका स्वस्त नवराही दुसरा नव्हता. चितेगावच्या एका कारखान्यात ते फिटर होते. कंपनीची बस त्यांना कोपऱ्यावरून उचलायची आणि कोपऱ्यावर आणून सोडायची. कपडे कंपनीचे, निळे. बूट कंपनीचे. जेवण कँटीनचं, चहा कँटीनचा. अंगाचा साबणसुद्धा कंपनी वाटायची, आणि तो इतका उरायचा की आम्ही सगळे नातेवाईक त्या पिवळ्या वड्यांवर वर्षानुवर्षं स्वच्छ राहिलो. शिफ्टमुळे कुणाच्या लग्नाला जाणं नाही, बारशाला जाणं नाही, म्हणून आहेरही नाही. घरी ते फक्त झोपायचे, आणि झोपेला काही खर्च येत नाही. अशा नवऱ्याच्या जोरावर माझ्या थोरल्या मेव्हणीनं, म्हणजे अक्कानं, दोन खोल्या बांधल्या, मुलीला शिकवलं, तिचं लग्नही लावून दिलं.

मग एके दिवशी कंपनीनं त्यांना हार-नारळ देऊन घरी पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून टॉवेलवर उभे असताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला घालायला काहीच नाही. मला फोन आला. "साडूभाऊ, गुलमंडीला चला. मला कापडं घेता येत नाहीत." दुकानदारानं आपुलकीनं विचारलं, "चाचा, कौनसा रंग दिखाऊं?" साडू माझ्या कानाशी लागून म्हणाले, "किती असतात हो?" दुकानदारानं एकामागून एक शर्ट उलगडले आणि साडूंचा चेहरा जत्रेत आल्यासारखा झाला. पोपटी घेतला, शेंदरी घेतला, जांभळा घेतला, आणि एक असा घेतला की त्याचा रंग नक्की कोणता यावर आम्हा तिघांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. रिक्षात पुडकं पोटाशी धरून ते म्हणाले, "कपाट उघडलं की सगळं निळंच दिसायचं हो. लई वैताग. सुट्टीच्या दिवशी आभाळ बघून बी मला घाम सुटायचा."

अक्का पोपटी शर्टाकडे बघतच राहिली. "व्हय ओ, हे घालून बसणार कुठं? ओट्यावर? गल्लीतली कुत्री भुंकतील की!" यात तथ्य होतं. असल्या शर्टाला जायला कुठंतरी ठिकाण लागतं, आणि तिथून साडूंना लग्नांचा नाद लागला. पत्रिका आली की जायचंच. जुन्या मित्राची पुतणी, दूधवाल्याचा मेव्हणा, कुणीही चालायचं. "इतक्या मायेनं बोलावलंय, नाय कसं म्हणायचं?" असं विचारत ते पाकिटात नोट घालायचे. रिक्षाभाडं वेगळं, इस्त्री वेगळी. शिवाय घरी असले की कँटीनच्या घंटेबरहुकूम चहा लागायचाच, त्यामुळं दूध दुप्पट झालं. अक्का माझ्या बायकोला फोनवर सांगायची, "पेन्शन येती मुठीएवढी, अन् ह्यांचा आहेर बघ. असंच चाललं तर एक दिवस गॅस सोडून चूल मांडावी लागंल."

शेवटी लगाम घालायला ती स्वतःच एका लग्नाला सोबत गेली. बीड बायपासला लग्नाची लॉन्स एकाला एक लागून आहेत. साडू ऐटीत एका कमानीतून आत शिरले, वधूपित्याला कडकडून भेटले, पाकीट दिलं आणि पंगतीत वाढायलाच लागले. "घ्या की अजून एक जिलबी, लाजायचं नाय!" मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचे, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचे. दोन्हीकडच्या फोटोंत ते मधोमध उभे राहिले. ओळखीचं एकही तोंड दिसेना तेव्हा अक्कानं त्यांची बाही ओढली. "आवो, चला! आपलं लग्न शेजारच्या लॉनवर आहे!" साडू म्हणाले, "ठावं आहे मला. मघाशी बोर्ड वाचला. पण आता पाठवणी व्हायलीय, ती बघून जाऊ." आणि त्या अनोळखी पोरीची पाठवणी सुरू झाली तेव्हा तिथं सगळ्यांत मोठ्यानं जर कुणी रडलं असेल, तर ते आमचे साडू. वधूपित्यानं स्वतःचे डोळे पुसायचे सोडून यांना पाणी आणून दिलं.

परतताना अक्का रिक्षात चिडून म्हणाली, "कोण लागत होती ती तुमची?"

साडू म्हणाले, "आपल्या पोरीच्या पाठवणीला मी कुठं होतो?"

अक्काला आठवलं. अक्षता पडल्या आणि कंपनीतून फोन आला, मशीन बंद पडलंय. हे तसेच निळे कपडे चढवून निघून गेले होते. "मशीन लगीच चालू झालं गं," साडू म्हणाले. "मी माघारी आलो तवर मांडव सोडायलते."

घरी आल्याबरोबर अक्कानं पुण्याला मुलीला फोन लावला. "चार दिवस ये. काम काही नाही, नुसती ये."

मुलगी आली. ते चार दिवस साडूंनी बाजार घरात आणला आणि अक्कानं एका शब्दानं अडवलं नाही. उलट पैसे तीच काढून द्यायची. निघायच्या दिवशी अक्का-साडूंबरोबर मीही सामान उचलायला एसटी स्टँडवर गेलो होतो. पापड, कुरडया, बाजरीचं पीठ, दोन साड्या, एक कढई. कंडक्टर म्हणाला, "काका, पुण्यात दुकान टाकायलेत का?" मुलगी खिडकीत बसली. साडूंनी गज धरून ठेवले. रडत मात्र नव्हते, तिच्याकडे नुसते बघत होते. रडत होती ती. गाडी हलली तसे ते बाजूनं चालत राहिले, मग थोडे पळाले, आणि फाटकाशी थांबले.

आम्ही त्यांच्याजवळ पोचलो तेव्हा गाडी वळून दिसेनाशी झाली होती. साडूंनी खिशातून मोबाइल काढला, पाहिला, परत ठेवला.

"आज कंपनीतून फोन नाय आला," ते अक्काला म्हणाले.