मधलं मशीन आणि घाटातली माती

चाकणच्या एका मसाल्याच्या कारखान्यात मी पॅकिंग लाइनच्या शेवटी उभी असते. माझ्यासमोर एक चौकोनी बोगदा आहे. भरलेली पाकिटं पट्ट्यावरून त्यातून जातात आणि पाकिटात धातूचा कण असला की मशीन ओरडतं, पट्टा थांबतो. दर तासाला मी तीन पट्ट्या त्यातून घालून बघते. एकीत लोखंडाचा कण असतो, दुसरीत पितळेचा, तिसरीत स्टेनलेसचा. तिन्हींना मशीन ओरडलं की वहीत सही करायची. अकरा वर्षं मी हेच करते आहे.

कंटाळा येत नाही का, असं लोक विचारतात. येतो की. पण वर्षातून दोन-चारदा ते मशीन माझ्या पट्टीशिवाय ओरडतं. मागच्या वर्षी सकाळच्या शिफ्टला मिरची पावडरीच्या एका पाकिटाला असंच ओरडलं. मी ते पाकीट फोडून पांढऱ्या कागदावर पसरलं आणि सुपारीएवढं लोहचुंबक त्या लाल ढिगातून फिरवत राहिले. पाच मिनिटांनी पापणीच्या केसाएवढी एक तार चुंबकाला चिकटून वर आली. चाळणीची जाळी फाटली होती. लाइन थांबली, जाळी बदलली, साहेब शाबासकी देऊन गेले. ते सगळं ठीकच. पण ती तार वर आली त्या क्षणीचा आनंद शाबासकीपेक्षा मोठा होता.

त्याच दिवशी कंपनीच्या बसमधून रहाटणीला घरी येताना मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला. परदेशातली कुणी बाई कानाला हेडफोन लावून, हातात लांब दांडी घेऊन शेतातून चालली होती. दांडीच्या टोकाला ताटाएवढी चकती होती. ती थांबली, खणलं, आणि एक जुनं बटण काढून लहान मुलीसारखी हसली. मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला. माझ्या बोगद्याचंच काम ते, फक्त जमिनीवर चालणारं!

रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला म्हटलं, "अहो, मला एक मशीन घ्यायचंय."

"शिलाईचं?"

"जमिनीतला धातू शोधायचं."

तो भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. मूळचा मराठवाड्यातला, बोलणं मोजकं. भाकरीचा तुकडा हातातच ठेवून त्याने माझ्याकडे बघितलं. "सोनं शोधणार का काय?"

"काहीही सापडू दे. सापडायला पाहिजे, बास."

त्याने तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाला, "त्याची कॉइल, ती टोकाची चकती, केवढी असते गं?" तेव्हाच मला कळलं, हाही फसला.

पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो. काही मशीनं खेळण्यासारखी होती. काही इतकी महाग, की त्यात जुनी स्कूटर आली असती. मधल्या मशीनांची गर्दी तर विचारूच नका. प्रत्येक जण आपलंच कसं भारी ते सांगत होता. शेवटी याच नादातल्या लोकांच्या एका ग्रुपवर मी लिहिलं, नवीन आहे, कुणी दाखवेल का? भोसरीतल्या एका काकांचा फोन आला. टूलरूममधून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे तीन मशीनं होती, लहान, मधलं आणि मोठं.

"रविवारी सकाळी या," ते म्हणाले. "पण येताना जिथं शोधायचं आहे तिथली बादलीभर माती आणा."

माती कशाला, ते काही सांगितलं नाही. मी लाइनवरच्या मैत्रिणीला विचारलं. तिचं सासर चाकणजवळच्या एका गावात. त्यांच्या गावाला बैलगाडा शर्यतीचा घाट आहे. गाडे पळतात त्या चढाच्या धावपट्टीला आमच्याकडे घाट म्हणतात. यात्रेत तिथं हजारो माणूस जमतं, म्हणजे पडलेल्या वस्तूही तिथंच असणार, असा माझा हिशोब.

"व्हय, आनते की," ती म्हणाली. "मातीला काय तोटा हाय आमच्याकडं?" आणि खरंच दुसऱ्या दिवशी खताच्या पिशवीत माती भरून ती कंपनीच्या बसमध्ये चढली.

रविवारी आम्ही दोघं काकांकडे गेलो. काकांनी ती माती घरामागच्या मोकळ्या जागेत पसरली आणि लहान मशीन माझ्या हातात दिलं. मी चकती मातीवरून फिरवली. मशीनने असा काही आरडाओरडा केला की शेजारच्या गच्चीवरून एक बाई डोकावली.

"काका, सापडलं!"

"काय सापडलं? यात काहीच नाही. माती आहे नुसती," काका हसत म्हणाले. "आपल्याकडची माती काळ्या दगडाची. त्या दगडातच लोखंडाचा अंश असतो. साध्या मशीनला मातीच धातू वाटते. म्हणून तर माती मागवली."

मग त्यांनी मधलं मशीन दिलं. एक बटण दाबून चकती जमिनीवर चार-पाच वेळा खाली-वर करायला सांगितली. "मशीनला मातीची ओळख करून द्यायची. ही माती, हिच्यावर ओरडायचं नाही, असं." पाचव्या खेपेला हेडफोनमधला गोंगाट विरला आणि एकदम शांत झालं.  आता मशीन जे बोलेल ते खरं असणार होतं.

मी म्हटलं, मी पाठ करून उभी राहते, तुम्ही मातीत वस्तू पुरा. कारखान्यात आम्ही अशीच चाचणी घेतो, मशीनला काय आणि कुठे आहे ते माहीत नसतं, मग मला तरी का असावं? नवऱ्याने खिळा, नाणं, बाटलीचं झाकण आणि एक किल्ली पुरली. मी फिरवायला लागले. खिळ्यावर घोगरा, तुटक आवाज. नाण्यावर देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ, आणि मशीनच्या पडद्यावर मोठा आकडा; धातू बदलला की आकडा बदलतो. चारातले तीन मी न बघता ओळखले! नवरा टाळ्या वाजवायला लागला. काकांच्या घरातून चहा आला, तो तसाच गार झाला.

मग काकांनी बोटातली सोन्याची अंगठी काढून मातीवर ठेवली. आकडा आला चाळीसच्या आसपास. शेजारी गुटख्याच्या पुडीचा चांदीचा कागद ठेवला. त्याचाही आकडा तोच.

"मग ओळखायचं कसं?"

"खणून. दुसरा उपाय नाही. कचरा गाळायचं बटण आहे यात, पण त्याच्या फार नादी लागू नका. लोखंड गाळा खुशाल. कागद गाळाल, तर सोनंही गाळाल."

मोठं मशीन खरंच देखणं होतं. खोलवरचं सांगायचं, पण इतक्या तऱ्हेने बोलायचं की मला त्यातलं निम्मं कळेना. काका म्हणाले, "दोन वर्षं मधलं वापरा. मग तुमचं तुम्हाला कळेल, मोठं लागतंय का." आणि ते जडही होतं. किती जड हे बघायला मी घरी येऊन फरशी पुसायच्या मॉपला तेवढ्या वजनाची पाण्याची बाटली बांधली आणि पॅसेजमधून अर्धा तास झुलवत फिरले. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींनी दार उघडलं, बघितलं, आणि काही न विचारता दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी खांदा वर होईना. मधल्याच्या वजनाने फिरवलं तेव्हा काहीच झालं नाही. ठरलं, मधलंच.

पार्सल आलं त्या संध्याकाळी नवरा वर्कशॉपमधून खणायला एक हत्यार घेऊन आला. गाडीच्या जुन्या पाट्याच्या स्प्रिंगचं, एका बाजूला धार, दुसऱ्या बाजूला दात. जेवणाच्या सुटीत त्याने गुपचूप बनवलं होतं. इतक्या वर्षांत त्याने मला दिलेल्या भेटींमध्ये मला ती सगळ्यात जास्त आवडली.

मैत्रिणीच्या गावात आम्ही रविवारी सकाळी पोहोचलो. आधी परवानगी मागायला सरपंचांकडे गेलो. ते म्हणाले, "आन् काय जुनंपानं निघालं तर?"

"तर हात लावायचा नाही, तहसीलला कळवायचं," मी म्हटलं. " आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा."

"मग खुशाल फिरा, ताई."

घाटावर पोहोचताच मशीन सुरू केलं. मातीची ओळख करून दिली. शांत झालं. पहिल्याच दहा पावलांत आवाज! खणलं तर बाटलीचं झाकण. मग दुसरं झाकण. मग बैलाच्या खुराला ठोकतात ती लोखंडी पत्री, अर्धी झिजलेली. ती कुठल्या बैलाची, कुठल्या वर्षी सुटली, यावर जमलेल्या माणसांत जोरदार वाद झाला. एव्हाना वीस-पंचवीस माणसं जमली होती. नाणं निघालं की आरोळी उठायची. एकजण ओरडला, "भावांनो, बँक काढा हितं!"

गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. हिरवं लुगडं, डोईवर पदर. तिने माझा दंड धरला.

"बाई, तुझ्या मशीनला सोनं कळतं का?"

"आजी, नक्की नाही सांगता येत. पण खणून बघता येतं. काय हरवलंय?"

"डोरल्यातली वाटी. दोन वर्सं झाली. यात्रंत त्या रसाच्या चरकापाशी दोरा तुटला. घरी कुनाला पटंना. ल्योक म्हनतो, आईनं गुपचूप लेकीला दिली." तिचे डोळे कोरडे होते, पण दंडावरची बोटं घट्ट होती. "मी न्हाई दिली."

चरक उभा राहतो ती जागा तिने दाखवली. मी वीतभर अंतराने ओळी धरून फिरवायला लागले. आणि सुरू झाले गुटख्याचे कागद. चाळीस, खण, कागद. एकेचाळीस, खण, कागद. तासाभरात माझ्या कमरेच्या पिशवीत मूठभर कागद जमले. लोक पांगले. मैत्रीण म्हणाली, "आगं, ते कागदवालं बंद कर की." बोट बटणापर्यंत गेलंही. पण मी खणत राहिले.

नवरा गुडघ्यावर बसून माती चाळत होता. तोच म्हणाला, "थांब."

त्याच्या तळहातावर मातीचा खडा होता. त्याने अंगठ्याने तो चोळला. आतून पिवळी, जराही न काळवंडलेली, वाटाण्याएवढी गोल कड दिसली. माझ्या तोंडून किंकाळीच फुटली. कारखान्यात अकरा वर्षं मी कधी ओरडले नव्हते, ओरडायचं ते मशीनने!

आजीने वाटी हातात घेतली, पदराने पुसली, उन्हात धरली.  मुठीत घेऊन तशीच घराकडे निघाली, त्या वयात जवळजवळ धावत. पंधरा मिनिटांनी परत आली ती मुलाला पुढे घालून. मुलगा पन्नाशीचा, कंपनीचा शर्ट घातलेला, मान खाली.

"आये, चुकलं माजं," तो पुन्हा जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणाला.

"ते बघू मागनं," आजी म्हणाली. "आदी ह्या बाईला च्या आन्."

चहा आला, चहाबरोबर शेंगदाण्याचा लाडू आला. आजीने माझ्या हेडफोनला कान लावून स्वतःच्या वाटीचा आवाज ऐकला आणि दोनदा, तीनदा, पुन्हा पुन्हा ऐकला. मैत्रीण मोबाइलवर सगळ्यांचे फोटो काढत होती. चहा पिऊन मी मशीन उचलायला गेले तर ते जागेवर नव्हतं. नवरा हेडफोन लावून घाटाच्या वरच्या टोकाला पोहोचला होता, हाका मारल्या तरी ऐकू येईना.

दुपारी परत निघालो. मी गाडीवर मागे बसले होते, मशीन मांडीवर आडवं. मोशीच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, "ताई, हे काय?" मी सांगायला लागले, मातीची ओळख, आकडे, कागद, वाटी, सगळं एका दमात. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी रिक्षावाला वळून वळून ऐकत होता, आणि मी बोलतच होते.