उमतीआत्याची अंजीरवडी

आमच्या पासारगदात, पारसिकांच्या जुन्या राजधानीत, राजा होणं तसं स्वस्तात पडतं. देवीच्या देवळात जायचं, अंगावरचं भरजरी उतरवून राजघराण्याच्या मूळपुरुषाचा विटका झगा घालायचा, अंजिराची वडी खायची, रानपिस्ते चघळायचे आणि वाडगाभर आंबट ताक प्यायचं. झाला राजा. त्यातली वडी माझ्या उमतीआत्याच्या घरची. तिच्या सासूने केली, आजेसासूने केली, आणि आता ही करायची. याचा तिला इतका अभिमान की पाण्याला जातानाही ती राजघराण्यातली असल्यासारखी चालायची.

त्या वर्षी म्हातारा राजा दूर बाबिलला वारला. राजा गेला की देशभर अग्नी विझवतात, आणि त्याचं दफन होईपर्यंत चूल पेटत नाही. एरवी थोडे दिवस कळ काढली की भागतं. पण त्याचे दोन मुलगे भांडत बसले. बापाला मूठमाती द्यायची कुणी, तर जो राजा होईल त्याने. आणि राजा होणार कोण, ते ठरेना.

"हे दोघे तिकडे लढतात आणि आम्ही इकडे भिजवलेले चणे खातो," आत्या म्हणायची. "एखाद्या दिवशी त्यांनाच चणे वाढा, दुपारपर्यंत समेट होईल."

ती हसायची, पण तिच्या जिवाला घोर होता. तिचा एकुलता एक मुलगा तीरिदात धाकट्या राजपुत्राच्या फौजेत भालाईत होता. आणि जो तो म्हणत होता की थोरलाच जिंकणार.

एके दिवशी थोरल्याचा माणूस दारात आला. वडी करायला घ्या म्हणाला. त्याच्या धन्याचा विजय जणू झालाच होता. आत्याने हो म्हटलं आणि सुकवलेल्या अंजिरांचा शेवटचा हारा खाली काढला. बागेत नवा बहर यायला अजून अवकाश होता, म्हणजे या वर्षी वडी होणार ती एकदाच.

तो गेल्यावर माझे बाबा, बगदात, आत शिरले. आत्याचे धाकटे भाऊ, पण उपदेश करण्यात थोरले.

"ताई, मीठ घाल त्यात मूठभर."

"कशाला?"

"देवीपुढे त्याने पहिलाच घास थुंकला तर केवढा अपशकुन. लोक म्हणतील, देवीलाच हा नको. तुझा तीरिदात त्याच्या भाल्यांसमोर उभा आहे, आणि तू त्याचं तोंड गोड करतेस?"

आत्या अंजीर कुटत राहिली. तिचे डोळे भरून आले होते, ते तिने मनगटाने पुसले. "बगदात, मी वडी त्या झग्यासाठी करते. आत कोण शिरतो ते त्यांचं ते बघून घेतील. ऊठ, माश्या वार."

बाबांनी माश्या वारल्या, पण तोंड फुगवून.

वड्या गच्चीवर उन्हात वाळल्या, द्राक्षाच्या पानांत बांधून झाल्या, आणि मग बातमी आली. थोरला लढाईत पडला होता. धाकटा बापाचं शव घेऊन येत होता. कोण जगलं, कोण गेलं, हे कुणालाच सांगता येईना. आत्या दोन दिवस गच्चीवर वाटेकडे डोळे लावून बसली, आणि आत्या बसून आहे म्हटल्यावर शेजारच्या बायकाही घाबरल्या.

दफन झालं, चुली पेटल्या, गावभर भाकरीचा वास सुटला. तेव्हा धाकट्याचा एक सरदार वड्या न्यायला आला.

"बाई, या थोरल्यासाठी केल्या होत्या म्हणे?"

"झग्यासाठी केल्या होत्या."

"आधी तू खाऊन दाखव."

मिठाची आठवण होऊन बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. आत्याने एक वडी उचलली आणि सावकाश, मिटक्या मारत खाल्ली. मग सरदाराला विचारलं, "दुसरीही खाऊन दाखवू का?" तो माणूस हसला, एक स्वतः खाल्ली आणि टोपली उचलायला मागे वळून एका भालाइताला हाक मारली.

टोपली उचलायला आला तो तीरिदात. हात गळ्यात बांधलेला, दाढी वाढलेली, पण आमचाच. आत्याने त्याचा बांधलेला हात चाचपून पाहिला. मग म्हणाली, "एका हाताने उचलतोस? सांडशील." आणि मग मोठ्याने रडली.

संध्याकाळी देवळातून निरोप आला की नव्या राजाने वडी पूर्ण संपवली. आमच्या अंगणात सगळे जेवायला बसलो होतो, ताज्या भाकऱ्या आणि मटण. बाबा आत्याला दोनदा वाढत होते. तीरिदातने मिठाची गोष्ट ऐकली आणि पोट धरून हसला. हसून झाल्यावर त्याने विचारलं, "आई, आणि आम्ही हरलो असतो तर?"

"तर थोरल्याने हीच वडी खाल्ली असती," आत्या म्हणाली. "अशीच गोड. आणि मी जन्मात पुन्हा अंजिराला हात लावला नसता. जेव आता."