नानाजी वाढईचा वर्ग

मोहटाकळीच्या शाळेची मागची खिडकी तिसऱ्यांदा मोडली ती १९५८ साली, पोळ्यानंतरच्या आठवड्यात. मोडणारा दर वेळी एकच होता. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यातला खेमसिंग, वय बारा, इयत्ता अजून तिसरी. वर्ग सुरू होऊन अर्धा तास झाला की त्याचं काहीतरी सुरू होई. कोणाची टोपी छपरावर जाई, कोणाची पाटी फुटे. गुरुजी छडी शोधू लागले की हा खिडकीची झडप लाथेनं उडवून पलीकडच्या कपाशीच्या पऱ्हाटीत पसार.

दुरुस्तीला नानाजी येत. त्या भागात सुताराला वाढई म्हणत आणि नानाजींचं आडनावही तेच पडलं होतं. वय पंचेचाळीस, शिक्षण दुसरी पास. आकडे वाचता येत, माप बिनचूक घेता येई. लिहायचं म्हटलं की सही करतानासुद्धा घाम फुटे. बोलणं कमी. लाकूड निवडायला जेवढा वेळ लावतात तेवढाच उत्तर द्यायला लावतात, असं लोक त्यांच्याबद्दल म्हणत.

हेडमास्तर वामनराव देशकर त्या दिवशी वैतागलेले होते. साठ पोरं, दोन शिक्षक, त्यातला एक रजेवर.

"नानाजी, या वेळी झडप नको. सरळ लोखंडी गज ठोका."

नानाजींनी बिजागरी हातात घेऊन पाहिली. "ठोकतो. पन त्यो गजबी वाकवन. मोडनाऱ्यालेच जोडू द्या न, गुरुजी."

"त्याला काय येतं?"

"मोडता येते. झडप कुठून निघते हे त्याले ठाव हाये. अर्धं काम तेच असते."

वामनरावांनी तसं केलं, पण शिक्षा म्हणून. आठवडाभर दुपारच्या सुट्टीनंतर खेमसिंगनं शाळेमागच्या नानाजींच्या मांडवात बसायचं आणि खिडकी दुरुस्त करून द्यायची, असा हुकूम झाला. पहिले दोन दिवस तो नुसता बसून राहिला. तिसऱ्या दिवशी नानाजी त्याच्याकडे न पाहता म्हणाले, "तू त्या खुट्ट्यावर बसून राह्यला. त्यो मले लागते." तो उठला आणि उठल्यावर हातात काहीतरी असावं म्हणून त्यानं पटाशी घेतली.

खिडकी नऊ दिवसांनी बसली. जरा वाकडी, पण त्यानंतर ती मोडली नाही.

मग वामनराव आणखी पोरं पाठवू लागले. दिवाळीपर्यंत पाच झाली. दोघं मारामाऱ्या करणारे, एक उकंडा नावाचा सारखा शिव्या देणारा, आणि धावजी हा कोलाम आदिवासींचा मुलगा, जो वर्षभर वर्गात एक शब्दही बोलला नव्हता आणि एके दिवशी त्यानं गुरुजींची खुर्ची विहिरीत टाकली होती. गाव या मांडवाला वाढयाचा वर्ग म्हणू लागलं. घरात पोर ऐकेना की आया म्हणत, "थांब, वाढयाच्या वर्गात धाडते तुले."

खेमसिंगची आई रुपीबाई एकदा मांडवात येऊन उभी राहिली. पोरगा करवत चालवत होता. "मी याले शाळेत घातलं होतं," ती म्हणाली, "लाकूड कापाले नाई."

"शाळेतच हाये बाई," नानाजी म्हणाले. "शाळा थोडी मागं सरकली."

ती पोराशी गोरबोलीत काहीतरी बोलून निघून गेली. पुन्हा तक्रार घेऊन आली नाही.

नानाजींची शिकवण्याची काही पद्धत होती असं म्हणता येणार नाही. त्यांना इंचाचे आठ सूत माहीत होते आणि काम अडलं की ते पोरांना माप विचारत. साडेतीन इंचांतून पाच सूत गेले तर उरलं किती, याचं उत्तर चुकलं की फळी चुके आणि चुकलेली फळी सगळ्यांना दिसे. तिसरीच्या वर्गात अपूर्णांक आले तेव्हा ही पाच पोरं फळ्यावरची गणितं इतरांच्या आधी सोडवू लागली. वामनरावांनी ते पाहिलं.

लिहिण्याचं मात्र वेगळं झालं. नानाजींना लाकूडवाल्यांना पत्रं पाठवावी लागत आणि ते आजवर कोणाची तरी मनधरणी करून लिहवून घेत. आता ते पोरांना सांगू लागले. खेमसिंग वर्गात मराठी बोलला की पोरं हसत, म्हणून त्यानं वर्गात वाचणंच सोडलं होतं. इथं कोणी हसत नव्हतं, कारण खुद्द नानाजींना त्याच्याहून कमी येत होतं. त्यानं घाटंजीच्या लाकूडवाल्याला पहिलं पत्र लिहिलं. सहा फुटी सागाच्या वीस फळ्या हव्या होत्या. बैलगाडीतून माल उतरला तेव्हा फळ्या नऊ फुटी निघाल्या. खेमसिंगनं सहाचं तोंड उलट्या बाजूला काढलं होतं.

नानाजींनी गाडीवानाकडून पत्र मागून घेतलं, खेमसिंगला त्यावर सहा आणि नऊ शेजारी काढायला लावले. "तुह्या अक्षरात दोन्ही सारखेच दिसतात मले," ते म्हणाले. "तुले फरक माहीत हाये. तूच काप."

खेमसिंगला वीस फळ्या कापायला अकरा दिवस लागले. उरलेल्या तीन फुटी तुकड्यांचे पाचही जणांनी मिळून पाट केले. पहिलीची पोरं तोवर सारवलेल्या जमिनीवर फाटक्या तरटावर बसत. ती आता पाटांवर बसू लागली.

हे असं दोन वर्षं चाललं. मग १९६० च्या थंडीत कोकिळानं शाई सांडली.

कोकिळा वामनरावांची मुलगी. चौथीत पहिली येणारी, हस्ताक्षर शाळेत दाखवण्यासारखं. तिनं दौत उचलली आणि सगळ्यांसमोर हजेरीच्या वहीवर उपडी केली. त्याआधीच्या महिन्यात आणखी तीन चांगल्या मुलांनी असंच काहीबाही केलं होतं. वामनरावांना तेव्हा कारण कळलं नव्हतं. आता त्यांनी मुलीला विचारलं.

"काहून केलंस हे?"

"मले रंधा चालवायचा होता."

"मग तसं सांगायचं."

"सांगितलं असतं तर पाठवलं असतं काय तुम्ही?"

नियम सगळ्यांना सारखा, म्हणून वामनरावांनी तिलाही मांडवात पाठवलं. मुलीच्या जातीनं सुताराच्या मांडवात पोरांमध्ये बसावं यावर गावात आठ दिवस चर्चा झाली.

नानाजी शाळेत आले ते याचसाठी. "गुरुजी, शिक्षा म्हून धाडान तर पोट्टे गुन्हे करतीनच. तुमी गुन्ह्याची फी लावून ठेवली हाये."

"मग काय करू? साठच्या साठ पाठवू?"

"ते मले नाई माहीत. मी आपलं जे दिसून राह्यलं ते सांगतो."

वामनरावांनी तालुक्यातल्या शाळा चालवणाऱ्या जनपद सभेकडे अर्ज केला की शाळेत आठवड्यातून दोन तास सर्वांसाठी सुतारकाम ठेवावं. उत्तराऐवजी १९६१ च्या मार्चमध्ये तपासणीला साहेब आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मांडव पाहिला, खेमसिंगला एक धडा वाचायला दिला. खेमसिंगनं तो थांबत थांबत, पण न चुकता वाचला. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. मग शेऱ्यात लिहिलं, की वर्गास मंजुरी नाही, शिकवणारा इसम अर्हताप्राप्त नाही, सबब बंद करावा. निघताना मात्र ते नानाजींना म्हणाले, "सातवी पास व्हा. उद्योग शिक्षकाची जागा निघाली तर मी शिफारस करतो."

वर्ग बंद झाला. नानाजींनी दोन दिवस विचार केला आणि परीक्षेला बसायचं ठरवलं. त्या वर्षी खेमसिंग चौथी पास झाला. पुढचं वर्षभर तो आणि कोकिळा मांडवात नानाजींना शिकवत होते. कोकिळा कडक होती. शुद्धलेखनाची प्रत्येक चूक ती दहा वेळा लिहायला लावी. नानाजी निमूटपणे लिहीत. १९६२ साली घाटंजीच्या केंद्रावर, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या रांगेत, एकोणपन्नास वर्षांचे नानाजी स्वच्छ धोतर नेसून बसले.

गणितात त्यांना शंभरात एकाहत्तर मिळाले. मराठीत ते नापास झाले. वामनरावांनी विचारलं, "निबंध कोणता होता?"

"आवडता ऋतू."

"काय लिहिलंत?"

"उन्हाळा. लाकूड चांगलं वाळते."

"आणखी?"

"आनखी काय लिहू? तेवढंच खरं होतं."

वामनराव हसले नाहीत. पुन्हा बसा, असं ते म्हणाले. नानाजींनी मान हलवली, पण पुन्हा बसले नाहीत. त्याच वर्षी जिल्हा परिषद आली, कचेऱ्यांची नावं बदलली. तपासणीचे साहेब दुसरीकडे गेले आणि जागेची गोष्ट तिथंच राहिली. पुढच्या वर्षी वामनरावांची वणीला बदली झाली. कोकिळा तिथूनच पुढे शिक्षिकेच्या ट्रेनिंगला गेली. खेमसिंग सातवीपर्यंत टिकला आणि मग रस्त्याच्या कामावर मोजणीची फीत धरायला लागला. दोन वर्षांनी तो मिस्त्रीच्या हाताखाली नोंदी लिहू लागला. उकंडाचं मात्र काही झालं नाही. तो शाळा सोडून कुठं गेला हे त्याच्या घरच्यांनाही नीटसं माहीत नव्हतं. नानाजी बाजारच्या दिवशी कधी कधी त्याची चौकशी करत.

१९६६ साली शाळेत नवे हेडमास्तर आले, तरुण होते. त्यांच्या वर्गात दोन पोरं फार त्रास देत होती आणि कोणीतरी त्यांना जुनी हकीकत सांगितली. ते मांडवात आले.

"नानाजी, दोघांना पाठवू का तुमच्याकडे? कागदावर काही नको. शनिवारी शाळा सुटल्यावर."

नानाजी पायांत धरलेला खाटेचा खूर तासत होते. तो पुरा करून त्यांनी बाजूला ठेवला.

"धाडा," ते म्हणाले. "पन दोन वांड धाडान त दोन शाहाने संगं धाडा. म्हंजे कोन कायले आलं ते लोकाईले समजनार नाई."

शनिवारी चौघं आले. दोन मुलगे, दोन मुली. नानाजींनी नावं विचारली आणि प्रत्येकाला एकेक लाकूड दिलं. हे दीड वर्ष चाललं. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा त्यांनी हत्यारं जावयाला दिली आणि शनिवारी मांडव रिकामा राहू लागला.