न प्यालेला कहावा

सौदीतल्या हुफूफच्या बाजारातल्या शिकारी बंदुकांच्या दुकानात सिराजुद्दीन सव्वीस वर्षं भाव करत आला होता. स्वतः त्याने आयुष्यात एकही बार काढलेला नव्हता. परदेशी माणसाला परवाना कुठला मिळायला? पण दुनळी बंदूक हातात घेऊन तो गिऱ्हाइकाशी बोलू लागला की आजूबाजूचे दुकानदार ऐकायला यायचे. म्हातारा मालक म्हणायचा, "बंदुका मी नुसत्या मागवतो. विकते ती सिराजची जीभ." ही विद्या त्याच्या घरचीच. आई हर्णैच्या बंदरावर मासळीचा सौदा करायची आणि भल्याभल्यांना पाणी पाजायची.

म्हातारा गेला आणि गल्ल्यावर त्याचा मुलगा फहद बसला. रियाधला शिकून आलेला, मुलगा गुणी, पण घाई फार. आल्या आल्या त्याने प्रत्येक बंदुकीवर किमतीचं लेबल चिकटवलं. "घासाघीस खलास, सिराज. महिनाभर बघू. जमलं तर तू गोदाम सांभाळ."

गावाहून बायकोने, रईसाने, फोनवर विचारलं, "लेबल बोलनार, तर तुमी काय करनार?" पगार कमी होणार नव्हता, पण सव्वीस वर्षांची विद्या खोक्यांमागे कुजणार होती, आणि ते सिराजच्या जिव्हारी लागलं होतं.

महिना संपायला दोन दिवस असताना अबू सालेह आला. खजुरांच्या बागांचा म्हातारा मालक, जुनं गिऱ्हाईक. परवाना मेजावर ठेवून त्याने एक दुनळी निवडली. लेबल बेचाळीसशे रियालांचं.

"तीन हजार," अबू सालेह म्हणाला.

"किंमत लिहिलेली आहे, काका," फहद नम्रपणे म्हणाला आणि त्याने कहावा, तिथली वेलदोड्याची कॉफी, ओतून पुढे केला.

अबू सालेहने इवलासा पेला घेतला आणि ओठांनाही न लावता खाली ठेवला.

"थंड झाला का? दुसरा देतो," फहद म्हणाला.

सिराजला राहवेना. तो फहदच्या कानाशी वाकला. "थंड नाही झाला. पाहुणा पेला असा खाली ठेवतो तेव्हा त्याचं काही मागणं असतं. तुम्ही हो म्हणाल तेव्हाच तो पिणार. तुमचे वडील असते तर एव्हाना उठून उभे राहिले असते."

फहदचे कान लाल झाले. तो उभा राहिला. "मागा, काका."

"मला स्वस्त नको रे," म्हातारा म्हणाला, "पण मी कागदाशी बोलत नाही. माणूस दे."

फहदने सिराजकडे पाहिलं आणि आपली खुर्ची त्याच्यासाठी मागे घेतली. म्हाताऱ्याने पेला ओठांना लावला.

मग रंग चढला. अबू सालेहने नळीवर ओरखडा दाखवला. सिराजने फडक्याने तेलाची रेघ पुसून नळी उजेडात धरली. म्हातारा दोनदा दारापर्यंत जाऊन आला. सिराज शंभराहून जास्त सूट देईना. शेवटी त्यानेच बंदुकीचा दस्ता उलटा केला. "हा टवका तुम्हाला दिसला नाही. घरी गेल्यावर दिसेल आणि मला शिव्या द्याल. याचे आणखी दोनशे कमी."

अबू सालेह खदखदून हसला. एकोणचाळीसशे त्याने मुकाट मोजले. वर चामड्याचं म्यान आणि सफाईचा संच घेतला आणि त्यांचा भाव विचारलासुद्धा नाही. जाताना म्हणाला, "धाकट्या भावालाही याच माणसाकडे पाठवतो."

दुकान रिकामं झालं. फहदने बिल दोनदा वाचलं. मग त्याने स्वतः कहावा ओतला आणि उजव्या हाताने सिराजपुढे धरला. सव्वीस वर्षं सिराज या दुकानात कहावा ओतत आला होता. मालकाच्या हातचा पेला त्याला आज पहिल्यांदाच मिळत होता.

त्याने तो अदबीने घेतला आणि न पिता मेजावर ठेवला.

फहदने पेल्याकडे पाहिलं. मग तो वळला, पहिल्या बंदुकीवरचं लेबल त्याने नखाने सोलून काढलं, मग दुसरीवरचं, मग तिसरीवरचं. अख्खी भिंत संपायला अर्धा तास लागला. सिराज ताठ बसून वाट बघत होता. शेवटचं लेबल निघालं तेव्हा त्याने पेला उचलला. कहावा थंडगार झाला होता. तो त्याने एका घोटात संपवला.