उसवण्याचा शब्द

तिझनीत गावच्या पाणीपुरवठा कचेरीत तुदा एकोणीस वर्षं एकाच खोलीत काम करत आली. गावातल्या सगळ्या विहिरी नि टाक्यांची पातळी जिथे येऊन जमा होते तो सर्व्हर त्या खोलीत होता, आणि त्याच्या पंख्यांची अखंड घरघर. त्या घरघरीत तिला कधी समुद्र ऐकू यायचा, कधी जमिनीच्या पोटातून सरकणारं पाणी.

दुपारी काम सरलं की ती आणखी एक काम करायची, बिनपगारी. जगभरातले हौशी लोक मिळून सर्व्हरची जी ऑपरेटिंग सिस्टीम बनवत, तिची नवी आवृत्ती येणार होती. तिच्या पडद्यावर उमटणारं एकेक वाक्य तुदा आपल्या तशल्हीत भाषेत आणत होती. दोन वर्षं झाली. नवीत गुण बरेच होते. चालू मशीन न थांबवता दुरुस्ती व्हायची, पुढची दहा वर्षं सुरक्षेची डागडुजी मिळायची, आणि काही बिघडलंच तर सगळं आधीच्या चांगल्या अवस्थेत परत नेता यायचं. या शेवटच्या गोष्टीलाच शब्द सापडेना.

एका सकाळी आई मागावर बसली होती. लोकरीचे धागे उन्हात तरंगल्यासारखे दिसत होते. तुदाने विचारलं, "इम्मी, विणताना चुकलं तर काय करतेस?"

"मी चुकते?"

"समज, चुकलीस."

"मग उसवते. जिथवर नीट होतं तिथवरच. सगळं उसवतात त्या येड्या बायका, इल्ली, पोरी."

आईने वापरलेला शब्द जुना होता, मागावरच वापरायचा. तुदा तो खजुरासारखा तोंडात धरून कितीतरी वेळ उभी राहिली. चावावासा वाटेना.

नवी आवृत्ती गुरुवारी सकाळी जाहीर झाली. कचेरीचे साहेब सी बिही दारातूनच म्हणाले, "लाल्ला तुदा, चाललंय ते चालू दे की. नव्याची नवलाई नऊ दिवस."

"जुनी दुरुस्त करायची तर दरवेळी वीस मिनिटं बंद ठेवावी लागते. तेवढा वेळ टाक्या आंधळ्या."

"आणि नवी?"

"नवी चालता चालता पायातला काटा काढते."

"काढू दे. पण नळ कोरडे पडले तर बायका माझ्या दारात येतील, तुझ्या नाही!"

आई भाकरी आणि बदाम वाटून केलेलं अम्लू घेऊन आली होती, ती खुर्चीत बसून राहिली. तुदाने नवी आवृत्ती बसवायला घेतली, तशी पडद्यावर भाषांची लांबलचक यादी उघडली. अगदी खाली, तिफिनाघ अक्षरांत, त्यांची भाषा. तुदाने ती निवडली. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून ती मोठ्याने वाचू लागली. पुढे सगळं संथ, लोणी वितळल्यासारखं चाललं.

मग पूर्वेकडच्या तीन टाक्या पडद्यावरून नाहीशा झाल्या. नव्या आवृत्तीत त्यांचा पत्ता भरायला तुदाच विसरली होती. पडद्यावर एक ओळ उमटली. तुदाने ती वाचली, "आधीच्या जागेपर्यंत उसवू का?"

आईचा घास हातातच राहिला. "अगंबाई! हिला कुणी शिकवलं हे?"

"तूच."

"मग उसव की! बघत काय बसलीस?"

तुदाने होय म्हटलं. सकाळची अवस्था जशीच्या तशी परतली, तिन्ही टाक्यांसकट. तिने पत्ता भरला, पुन्हा सुरुवात केली आणि या खेपेला सारं पार पडलं. पुढच्या आठवड्यात पहिली दुरुस्ती भर दुपारी झाली. पाण्याचा एकही आकडा अडखळला नाही. सी बिहींना तर कळलंसुद्धा नाही.

महिन्याभराने तिनघीरहून एका शाळामास्तरणीचं पत्र आलं. तिनेही शाळेत हीच आवृत्ती बसवली होती. 'ताई, सगळं छान आहे,' तिने लिहिलं होतं, 'पण तुमचा तो उसवण्याचा शब्द आमच्या खोऱ्यात कुणी वापरत नाही. बायका हसतात.'

तुदा आधी रागावली, मग तिला हसू फुटलं. डोंगरापलीकडचे ते अनोळखी माग तिच्या डोळ्यांसमोर हलू लागले. तिने उत्तर लिहायला घेतलं, 'तुमच्याकडे काय म्हणतात? सावकाश, नीट उच्चारासकट कळवा.'